मुक्या टीव्हीचे दोन महिने

समोरच्या करंजाला तेल लावल्यासारखी चकचकीत पालवी फुटली, की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. परीक्षा आल्या. भिलाईजवळच्या रिसालीतल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी क्रिकेट खेळणारी मुलं एकाएकी दिसेनाशी होतात. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानावर मात्र गर्दी होते आणि दुपारच्या वाऱ्याला भाजल्यासारखा वास यायला लागतो. यंदा आमच्याही घरी परीक्षा आहे, धाकट्याचं बारावीचं बोर्ड. तो आतल्या खोलीत कानांत इअरफोनची बोंडं घालून कुठल्याशा सरांचे धडे मोबाइलवर बघतो. बाहेर सोफ्यावर ह्यांचा क्रिकेटचा सामना चालू असतो, तोही कानांत बोंडं घालूनच. मी स्वयंपाकघरात ओट्याला मोबाइल टेकवून काहीबाही बघत असते. घरात तीन पडदे चालू, आणि आवाज फक्त कुकरच्या शिट्टीचा.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. कुणी कुणाला त्रास देत नाही, हेही एक सुखच आहे. पण अशी शांतता झाली की मला दुसरी एक शांतता आठवते. तेव्हा घरात एकच पडदा होता आणि त्याला आवाज नव्हता.

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती. पोलादाच्या प्लांटनं दिलेलं दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे ओसरी, मागे अंगण. वाळत घातलेल्या कपड्यांवर दिवसभरात तांबूस धूळ बसायची, म्हणून आई चादरी घडी करण्याआधी दोनदा झटकायची. बाबा रोलिंग मिलमध्ये होते. लालभडक तापलेलं पोलाद रुळांमधून दाबून लांबवायचं, ते खातं. तिथल्या आवाजापासून बचावासाठी कामगारांना कानात घालायची रबराची बोळी मिळत. बाबांना ती टोचत, म्हणून ती त्यांच्या खिशातून जशीच्या तशी घरी परत येत. मी आणि माझी ताई वंदना, आम्ही त्या बोळ्यांच्या आमच्या बाहुल्यांसाठी टोप्या केल्या होत्या.

आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातले. घराच्या उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर पाऊल पडलं की हिंदी, हे आम्हा पोरींच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की एकच वाक्य ओसरीवर मराठीत सुरू होऊन फाटकाशी हिंदीत संपे.

बाबा कमी बोलत. आजूबाजूचे त्यांना घुम्या म्हणत. फर्स्ट शिफ्ट करून दुपारी घरी यायचे, जेवायचे, झोपायचे, आणि संध्याकाळी ओसरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायचे. आई आतून त्यांच्याशी बोलत राही. भाजी काय करू, साहू चाचीकडे बारसं आहे, वंदनाची चप्पल तुटली. उत्तर क्वचितच येई. मग आई पोळी तव्यावर जरा जोरात आपटे आणि म्हणे, "मी भिंतीसंग बोलून राहिली का?" ओसरीतली पाठ हलत नसे.

दिवाळीला टीव्ही आला. काळा-पांढरा, दोन पायांच्या स्टँडवर, समोर लाकडी सरकती दारं. छतावर अँटेना लागला आणि एका संध्याकाळीत आमचं घर गल्लीत वजनदार झालं. बाबा टीव्हीच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर बसत. आवाज मोठा ठेवत. "डोळे जातीन," असं आई म्हणायची. डोळ्यांचीच काळजी आम्हाला होती.

मग मार्च आला आणि ताईचं अकरावीचं बोर्ड; तेव्हा तिकडे शाळा अकरावीलाच संपायची. ताई हुशार होती, पण परीक्षेच्या नावानं तिच्या हातापायांना घाम फुटायचा. तिची टेबल-खुर्ची आतल्या खोलीत होती आणि दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, फुलाफुलांचा पडदा होता.

"टीव्ही बंद म्हंजे बंद," आईनं जाहीर केलं. "पोट्टीचं वर्ष आहे."

बाबांचा चेहरा लहान मुलासारखा पडला.

"आवाज बंद करू ना," ते म्हणाले. "आवाज तिले त्रास देते. चित्र कोनाले त्रास देते?"

बाबांनी आवाजाचं बटण फिरवून टोकाला नेलं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं त्या मुक्या पडद्यापुढे बसलो. मालिका लागली होती. एक माणूस बोट नाचवत होता, एक बाई पदर डोळ्यांना लावत होती. आई पाच मिनिटांत कंटाळली.

"कावून रडून राहिली ते? काही समजत नाही बापा."

तेव्हा बाबा तिच्या तोंडाकडे एकदा बघून पुन्हा पडद्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "तो म्हनते, मी उद्या जातो. ते म्हनते, पोराची परीक्षा होऊ द्या, मंग जा."

आई आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"तुमाले कसं समजलं?"

"ओठ दिसते ना." बाबांना यात काही विशेष वाटलं नव्हतं. "मिलमंधी कोन कोनाले ऐकू येते? ओठाईनं आन् हातानंच बोलतो आमी. सगळेच बोलते."

असं ते सुरू झालं. मालिका, बातम्या, बुधवारची गाणी, रविवारचा सिनेमा. बाबा पुढे बसायचे, थोडे तिरपे, म्हणजे पडदाही दिसावा आणि आम्हीही. ताईला ऐकू जाऊ नये म्हणून ते अगदी दबक्या आवाजात सांगत, आणि दबक्या आवाजात सांगितलेलं सगळंच गुपितासारखं वाटतं. नायकाचं बोलणं ते छाती काढून सांगत, आईचं बोलणं मान कलती करून. ज्या माणसाकडून दिवसात दहा वाक्यं ऐकायला मिळत नव्हती, तो माणूस दोन-अडीच तास बोलत होता. पडद्यावर बोलणारा पाठमोरा झाला किंवा गाडीत बसून निघून गेला, की बाबा अडत. मग म्हणत, "आता काय म्हनला ते त्यालेच ठाऊक," आणि आम्ही तोंडावर हात ठेवून हसत असू.

शेजारच्या साहू चाचीकडेही टीव्ही होता आणि त्याला आवाजही होता. तरी तिसऱ्या रविवारी त्या आमच्याकडे आल्या. हातात निवडायची भाजी होती. चाची छत्तीसगढी बोलत, बाबा त्यांना आपल्या हिंदीत उत्तर देत, आणि दोघांचं उत्तम चाले.

"का कहत हे भैया, ओ टूरी हा?" पडद्यावरच्या मुलीकडे बोट करून चाची विचारत.

"कहती है, शादी करूंगी तो इसी से."

"ले! बने बताथस भैया." मग चाची खुशीत भाजी निवडायला लागत.

दोन आठवड्यांत चाचींबरोबर आणखी दोघीतिघी यायला लागल्या. मला वाटतं, त्यांना सिनेमा बघायचा नव्हताच. सिनेमा त्यांच्याकडेही होता. एक माणूस तोंडानं सिनेमा सांगतो आहे, आपण प्रश्न विचारला की थांबून उत्तर देतो आहे, हे त्यांच्याकडच्या आवाजाच्या टीव्हीत नव्हतं. दिवाळीपासून आमची सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली होती. त्या मार्चमध्ये ती बाबांकडे वळली.

बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. आई आणि ते इथेच भिलाईत, स्मृति नगरात राहतात. माझा थोरला मुलगा परदेशात असतो. रविवारी तो आम्हा सगळ्यांना व्हिडिओ कॉल लावतो. चित्र अडकतं, आवाज तुटतो, मी आणि हे "हॅलो, ऐकू येत नाही" म्हणून ओरडत बसतो. बाबा ओरडत नाहीत. ते चष्मा पुसतात, पडद्यावरच्या नातवाकडे नीट बघतात आणि आम्हाला सांगतात, "तो म्हनते, सर्दी झाली होती, आता बरा आहे." नातू तिकडून अंगठा दाखवतो. बरोबर असतं.

पण तेव्हा सगळंच बरोबर असे असं नाही. एका रविवारच्या सिनेमात एक म्हातारा पाटील आणि त्याच्याकडे कामाला असलेला तरुण यांचं कडाक्याचं भांडण झालं. तरुणानं म्हाताऱ्याकडे बोट करून काहीतरी म्हटलं आणि बाबा सरसावून बसले.

"अरे बापरे! हा त्याचा बाप होय!"

खोलीत खळबळ झाली. चाचींच्या हातातली भाजी खाली पडली. पुढचे दोन तास आम्ही तो सिनेमा बाप-लेकाचा म्हणून बघितला. तरुणानं म्हाताऱ्याला मारायला हात उचलला तेव्हा आईनं डोळे मिटले. शेवटी म्हातारा मेला आणि तरुण हसला, तेव्हा तर बायकांनी त्याला चांगल्याच शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी नळावर कळलं की बाप वगैरे कुणी नव्हतं. तो तरुण म्हणाला होता, "यह पाप है."

आई हे ताईला सांगताना हसून लोटपोट झाली. ताईही हसली, पण मध्येच थांबली. तिनं खोलीतल्या आरशापुढे जाऊन आवाज न करता ओठ हलवले. पाप. बाप. माप. "तिन्ही सारखेच दिसतात," ती म्हणाली. "बाबा अंदाजानं नाही सांगत. ते खरंच ओठ वाचतात. इतकं चांगलं वाचायला किती वर्षं लागली असतील त्यांना?"

ती हे स्वतःशीच म्हणाली. तिचं जीवशास्त्राचं पुस्तक टेबलावर उघडं होतं. कान, पडदा, तीन हाडं, गोगलगाईसारखी नळी, अशी आकृती ती रोज काढून बघायची.

दोन दिवसांनी संध्याकाळी बातम्या लागल्या होत्या. बाबा नेहमीसारखे पुढ्यात बसले होते, मी जमिनीवर, आई दारात तांदूळ निवडत. ताई पडदा सारून बाहेर आली आणि बाबांच्या मागे उभी राहिली.

"बाबा, पाणी देऊ?"

बाबा बातम्या बघत होते. मला वाटलं, त्यांना पाणी नको असेल.

"बाबा, उद्या मला पेपरला सोडायला याल?"

काही नाही. ताईनं एकदा आईकडे बघितलं. मग नेहमीच्या आवाजात, अगदी सरळ म्हणाली, "बाबा, मी या वर्षी नापास होणार आहे."

आईच्या हातातलं सूप थांबलं. बाबा शांतपणे पडद्याकडे बघत म्हणाले, "उद्या ऊन वाढन म्हनते."

तो क्षण मला अजून दिसतो. ताई रडत होती. मी आधी हसले, मग आईचा चेहरा बघून गप्प झाले. आई उठली. बाबांच्या पाठीमागे, ताईच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं हळू हाक मारली, "अजी." मग थोडी मोठ्यानं, "अजी." बाबांनी वळून बघितलं ते माझ्याकडे बघून, कारण मी त्यांच्या मागे बघत होते. तिघींची तोंडं बघितली आणि त्यांना कळलं. त्यांनी हात लांब करून टीव्ही बंद केला.

बोलणं झालं दुसऱ्या दुपारी, ताई पेपरला गेली असताना. मी आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग घेतलं होतं. आईनं स्टूल ओढलं आणि ती बाबांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

"शकूच्या लग्नाले जाऊ का, म्हनून मी तुमाले इचारलं होतं. आठवते?"

शकू म्हणजे माझी मावशी, आईची सगळ्यात धाकटी बहीण. तिच्या लग्नाला आम्ही गेलो नव्हतो, इतकंच मला ठाऊक होतं.

"कवा?" बाबा म्हणाले.

"तीन वर्सं झाले. तुमी ओसरीत बसले होते. मी चुलीपासून इचारलं. एक डाव नाही, दोन डाव इचारलं. तुमी पाठ फिरवून बसले. मी म्हनलं, नाही म्हनते तर नाही. पुन्हा काही बोलली नाही मी."

बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मी तर वाट पाहून राहिलो होतो, तू पेटी कवा भरतं म्हनून," ते म्हणाले. "सुट्टीचा अर्ज लिहून खिशात होता माह्या. तू पेटी नाही भरली. मले वाटलं, पोरीइची शाळा हाय म्हनून तुलेच जायचं नसन."

"अर्ज लिहिला होता?"

"हो ना."

आई रडली नाही. तिनं बाबांच्या गुडघ्यावर एक चापट मारली, चांगली जोरात. "मंग सांगाचं होतं ना, की मले ऐकू येत नाही म्हनून! मी तीन वर्सं तुमच्यावर रागावून राहिली!"

"कोनाले सांगू? मिलमधून काढून दुसरीकडे टाकतीन असं वाटे. आन् तू..." बाबा थांबले. "तू बहिऱ्याची बायको म्हनून लोक तुले हसतीन."

"मी घुम्याची बायको म्हनून हसून राहिले ते चाललं का?"

यावर बाबा हसले. मी पांघरुणात डोकं घातलं, कारण मलाही हसू आलं होतं आणि रडूही.

आई त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा, असं त्यांनी बाबांसमोर येऊन, सावकाश ओठ हलवून सांगितलं. बाबांना मिलमधून हत्यारांच्या स्टोअरमध्ये पाठवलं. तिथे शिफ्ट नव्हती, धग नव्हती आणि आवाजही नव्हता. पहिले पंधरा दिवस बाबा घरी येऊन नुसते बसायचे. लाल पोलाद रुळांतून सळसळत जाताना बघणं हेच त्यांचं आयुष्य होतं, पान्यांची यादी करणं नव्हे. पण नंतर त्यांनी स्वतःच सांगितलं, की स्टोअरच्या खिडकीवर आलेला माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच ते हत्यार काढून पुढे ठेवतात, आणि लोक चकित होतात. हे सांगताना त्यांची कळी खुलली होती.

ताईचे पेपर संपले. ताई नापास तर झाली नाहीच, शाळेत दुसरी आली, पण तो निकाल जूनमध्ये. शेवटच्या पेपरच्या दिवशी घरी आल्याबरोबर तिनं टीव्हीचं बटण पूर्ण उलटं फिरवलं. खोली आवाजानं भरून गेली. वाद्यं, टाळ्या, निवेदिकेचा मधाळ आवाज. आम्ही दोघी बहिणी नाचलो. रविवारी सिनेमाला बायका जमल्या. पंधरा मिनिटांत साहू चाची अस्वस्थ व्हायला लागल्या. पडद्यावरचे लोक भराभर बोलत होते, आणि कुणाला काही विचारावं तर आवाजात विचारलेलं ऐकू जात नव्हतं. बाबा कोपऱ्यात गप्प बसले होते.

"ए बेटी," चाची शेवटी मला म्हणाल्या, "एकर आवाज ला बंद कर तो. भैया ला बोलन दे."

मी बंद केला. आईनं बाबांच्या खांद्याला हात लावला, त्यांनी वळून बघितल्यावर पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "सांगा."

मेमध्ये बाबांनी सुट्टी घेतली आणि आम्ही तुमसरला शकूमावशीकडे गेलो. मावशीच्या लग्नानंतर आई तिच्या घरी पहिल्यांदाच जात होती. अंगणात खाटा टाकल्या होत्या, मावशीचे सासू-सासरे, दीर-जावा सगळे बसले होते. मावशीनं पाणी दिलं आणि हसत हसत जुनी तक्रार काढली.

"भाऊजी, माह्या लग्नाले कावून नाही आले तुमी? माह्या बहिनीलेही नाही धाडलं."

बाबा गडव्यातलं पाणी प्यायले, त्यांनी गडवा खाली ठेवला. "मले ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

सगळं अंगण हसलं. बाबांनी थट्टा केली असंच सगळ्यांना वाटलं. बाबाही हसले असते आणि ते तसंच मिटलं असतं. पण आई हसली नाही.

"हसू नोका," ती म्हणाली. "यायले खरंच कमी ऐकू येते. मिलमंधी कान गेले. मी इचारलेलं यायले ऐकूच आलं नव्हतं. आता यायच्यासंग बोलाचं असन तर समोर येऊन बोला."

बहिणीच्या सासरच्या माणसांपुढे आई हे बोलली. बाबांची मान खाली गेली होती. मग मावशीचे सासरे, चांगले सत्तरीचे, आपली काठी घेऊन खाटेवरून उठले आणि बाबांच्या समोरच्या खाटेवर येऊन बसले. "माहंबी तसंच हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "बरं झालं, कोनी भेटलं." बाबांनी मान वर केली. त्या दोघांचं त्या सुट्टीत फार जमलं.

परतताना पॅसेंजर गाडी होती. उन्हाळ्याची गर्दी, उघड्या खिडक्या, चाकांचा खडखडाट. गोंदिया सुटल्यावर ताई वरच्या फळीवर झोपली. डब्यातली माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती. खिडकीशी आई आणि बाबा समोरासमोर बसले होते, आणि बोलत होते. आईनं ओरडायचं सोडून दिलं होतं. ती नुसते ओठ हलवत होती, आवाजाशिवाय, पदर तोंडापासून बाजूला धरून. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते आणि उत्तर देत होते, तसंच, नुसत्या ओठांनी. आई त्या मानानं नवीन होती. मध्येच तिला काही कळायचं नाही, मग ती भुवया उंचावायची आणि बाबा पुन्हा सावकाश म्हणायचे. एकदा ती इतकी हसली की शेजारच्या बाईनं वळून बघितलं.

दरेकशाच्या पुढे बोगदा आला. डब्यात काळोख झाला, आवाज दुप्पट झाला, धुराचा वास भरला. मी चाचपडत आईचा हात धरला. बोगदा संपून उजेड आला तेव्हा आई तशीच बाबांकडे तोंड करून बसली होती, ओठ किंचित उघडे. तिनं अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू केलं.

मी दोघांच्या मध्ये, खाली पेटीवर बसले होते. त्या सबंध वाटेत ते काय बोलत होते, त्यातला एक शब्दही मला कळला नाही.